रॉडवरच्या दोऱ्यात फट पडते, शंकरपाळी सरकते, रंग काळवंडतो: आधी काय तपासायचं

मासे धरायच्या रॉडला कड्या दोऱ्याने बांधतात. तो दोरा गुंडाळून होईपर्यंत रॉड छान दिसतो. इपॉक्सीचा, म्हणजे दोन बाटल्यांतलं मिसळून लावायच्या पारदर्शक लेपाचा, थर चढला, दुसऱ्या दिवशी काठी उन्हात धरली, की एकेक दोष वर येतो. पिवळा दोरा शेवाळी झालेला असतो, कडीच्या पायापाशी केसाएवढी फट दिसते, मुठीजवळची शंकरपाळी नक्षी टोकाकडे जाता जाता कुशीवर वळलेली असते. मग फोन येतो: "भाऊ, इपॉक्सी खराब निघाली वाटते." बहुतेक वेळा इपॉक्सीत काही खराबी नसते. खाली जे होतं ते तिने भिंगाखाली धरल्यासारखं दाखवलेलं असतं. म्हणून तपासणी वरून नाही, खालून करायची. आणि नवीन बाटली मागवण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी उरकून घ्यायच्या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव गावोगाव आहेत आणि गरी टाकणारेही. आधी सगळं बांबूच्या काठीवर चालायचं. आता मरळ माशाच्या नादाने फायबरचे आणि कार्बनचे रॉड घेणारी पोट्टे मंडळी वाढली आहे. जुन्या रॉडला नव्या कड्या बसवायच्या, त्यावर आपल्या पसंतीची नक्षी काढायची, हे काम माझ्या टेबलावर बारमाही असतं. कडी म्हणजे तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) जिच्यातून जातो ते गाइड, पाय म्हणजे तिची रॉडवर टेकणारी चपटी पट्टी, आणि ब्लँक म्हणजे नुसता उघडा रॉड. पुढे हेच शब्द वापरतो.

लक्षणं

तुमच्या रॉडवर यांपैकी काय दिसतं ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- पायाच्या टोकाशी, दोरा ब्लँकवरून पायावर चढतो तिथे, एक वेढा बाकीच्यांपासून सुटलेला.
- नखाने ढकललं की वेढे सरकतात, किंवा गुंडाळताना घट्ट होते आणि महिन्या-दोन महिन्यांत कडी हलायला लागली.
- थर वाळल्यावर हाताला काटे लागतात, दोऱ्याची लव उभी राहिलेली.
- रंग गडद झाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुठे गडद कुठे फिका, चट्टे पडले.
- शंकरपाळ्यांची टोकं एका रेषेत नाहीत.
- थर चिकटच राहिला, बुडबुडे आले, किंवा मध्येच गोल खळगे पडून तिथे इपॉक्सी बसलीच नाही.

एक गोष्ट दोष नसून लोक दोष समजतात, तीही सांगतो. पायाच्या दोन्ही बाजूंना, पाय आणि ब्लँकच्या मध्ये, दोऱ्याखाली एक लांबट पोकळी राहते. गोल काठीवर चपटी पट्टी ठेवली की ती राहणारच. दोरा कितीही आवळला तरी ती मिटत नाही आणि ती मिटवायच्या नादात लोक ताण वाढवून दुसरंच नुकसान करतात. ती इपॉक्सीच्या पहिल्या पातळ थराने भरायची, बस.

1. आधी नख आणि तिरपा उजेड

पैसा लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. रॉड खिडकीपाशी न्या, उजेड बाजूने पडू द्या, हळूहळू फिरवा. समोरून पडलेल्या उजेडात फटी लपतात. थर अजून लावला नसेल तर अंगठ्याच्या नखाने गुंडाळीच्या कडेला हलका जोर द्या. सगळी गुंडाळी एकसंध सरकली तर ताण कमी आहे. एकच वेढा हलला तर ताण ठीक आहे, फक्त वेढे एकमेकांना टेकलेले नाहीत. काहीच हललं नाही, नखालाच दुखलं, तर ताण जास्त आहे. या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की काम बिघडतं.

थर लावून झाला असेल तर दोष दोऱ्यात आहे की थरात, एवढं तरी ठरवा. नख फिरवल्यावर वर गुळगुळीत लागतं पण आत फट दिसते, तर दोष दोऱ्याचा. वरच खडबडीत लागतं तर लवेचा किंवा थराचा.

2. हात

साबणाने धुवा, कोरडे करा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण गोल खळगे पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे. डोक्याला लावलेलं तेल, रीलला घातलेलं वंगण, गाडीला पुसलेलं पॉलिश, यातलं काहीही बोटावरून दोऱ्यावर गेलं की इपॉक्सी तिथून मागे सरते. सिलिकॉन असलेलं पॉलिश तर हट्टी. ज्या टेबलावर गाडी पुसायची फडकी पडतात, तिथे हे काम करूच नका. मे महिन्यात घामाचाही तोच ताप: फिकट रंगाच्या दोऱ्यावर बोटांचे मळकट ठसे उमटतात आणि थराखाली कायमचे राहतात. मी तर पांढरा आणि पिवळा दोरा पहाटेच गुंडाळतो.

ब्लँक स्पिरिटने पुसून घ्या, आयसोप्रोपिल मिळालं तर उत्तम. जवळ चूल किंवा पेटलेली अगरबत्ती नको.

3. दोरा कोणता आहे

रीळ बदलणं स्वस्त आहे, म्हणून हे तिसऱ्या नंबरावर. शिवणकामाचा साधा दोरा बहुतेक वेळा आखूड तंतू कातून केलेला असतो. कापडात तो उत्तम, पण रॉडवर त्याची लव उभी राहते आणि प्रत्येक केसाभोवती इपॉक्सीचा थेंब जमून काटा तयार होतो. भरतकामाच्या मशीनचा दोरा अखंड तंतूंचा असतो, त्यामुळे तो गुळगुळीत आणि चमकदार. कळत नसेल तर दोरा उजेडासमोर ताणून धरा: कडेला धुरकट लव दिसली तर ती रीळ बायकोच्या मशीनकडे परत.

जाळूनही बघता येतं. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात, राख उरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळी होते. रेशमाला केस जळाल्याचा वास. हे यासाठी कळायला हवं की शेवटी लव काढायला दोऱ्यावरून लायटरची झुळूक फिरवतात, आणि नायलॉन असेल तर हात थांबला की दोरा वितळलाच. निळ्या भागाजवळून झरकन न्यायचा, ज्योत टेकवायची नाही.

रॉडसाठीच बनवलेला दोरा मिळाला तर 'ए' नंबर बारीक, सुमारे 0.15 मिमी; 'डी' त्याहून बराच जाड. बारीक दोऱ्याने फटी पकडायला वेळ लागतो, पण नक्षी सुबक येते आणि पायावर चढताना तो कमी अडतो. नवख्याने मुठीजवळची नक्षी जाड दोऱ्यात आणि कड्या बारीक दोऱ्यात कराव्यात, असं माझं मत. उलट करणारेही भेटतात.

रीळ किती जुनी आहे तेही बघा. दुकानाच्या काचेत उन्हात पडलेली नायलॉनची रीळ झटका दिला की तुटते. असला दोरा गुंडाळताना तुटला तर नशीब समजा. मरळीने झटका दिल्यावर तुटला तर कडीच जाईल.

जरीच्या दोऱ्याचं वेगळंच. त्यात मधल्या दोऱ्याभोवती चमकत्या पट्टीचं वेष्टण असतं. ताण जास्त झाला की ते उसवतं आणि आतला दोरा दिसतो. ताण निम्म्यावर आणा, आणि रीळ आडवी ठेवून दोरा फिरत्या रिळावरून घ्या. उभ्या रिळाच्या डोक्यावरून उपसला की प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो.

आणि रंग. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. नायलॉन आणि रेशीम इपॉक्सीत भिजले की अर्धपारदर्शक होतात आणि खालचा ब्लँक रंगात मिसळतो. काळ्या कार्बनवर पिवळा दोरा शेवाळी दिसतो तो यामुळे. यात काही बिघडलेलं नाही, रसायनच तसं आहे. इलाज तीन. एक, रंग न बदलणारा म्हणून जो प्रक्रिया केलेला दोरा मिळतो तो वापरणं. दोन, आधी रंग टिकवणारं अॅक्रिलिक द्रावण लावणं. तीन, आहे तो गडदपणा मान्य करून रंग निवडणं. दुसरा इलाज करणाऱ्यांचेच चट्टे जास्त पडतात, कारण एकच पातळ हात देतात. काही ठिकाणी द्रावण दोऱ्याच्या तळापर्यंत जातं, काही ठिकाणी जात नाही, आणि जिथे गेलं नाही तिथे इपॉक्सी शिरते. भरपूर लावा, जास्तीचं टिपून घ्या, पूर्ण वाळू द्या, पुन्हा लावा. पांढरा गोंद पाण्यात कालवून लावण्याचा जुगाड करू नका. श्रावणातल्या दमट हवेत तो पांढरट होतो आणि इपॉक्सीखाली धुकं दिसतं.

कोणताही रंग पक्का करण्याआधी रॉडच्या तुटक्या तुकड्यावर बोटभर दोरा गुंडाळून त्यावर थर देऊन बघा. एवढं केलं तर खालचा अर्धा लेख वाचावा लागणार नाही.

बांबूच्या काठीवर मात्र मी रंग टिकवायच्या भानगडीत पडत नाही. आपल्याकडे आरमोरीचा, भंडाऱ्याचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, आहे. कोशातून अखंड उकललेला कोशाचा धागा बांबूवर गुंडाळून त्यावर थर दिला की तो मधाच्या रंगावर जातो आणि खालच्या बांबूची शीर त्यातून दिसते. बाजारातली कोणतीही रीळ त्याच्या जवळ जात नाही. विणकराकडे मागताना घिचा नको म्हणून सांगा. घिचा फुटक्या कोशांचा असतो, जाडाबारीक आणि गाठाळ. साडीत तो शोभतो, रॉडवर प्रत्येक गाठीपाशी फट पडते.

4. ताण

रॉडला आधार म्हणून खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा कापा, खाचांना कापड लावा. दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून घ्या, वर वजन ठेवा. वजन कमी-जास्त केलं की ताण बदलतो. हाताच्या चिमटीत दोरा धरून ताण देणाऱ्यांचा हात दहा मिनिटांनी दमतो आणि गुंडाळीचा शेवटचा भाग सैल पडतो. एकाच कडीचा एक पाय घट्ट, दुसरा ढिला, हे लक्षण दिसलं तर कारण हेच.

किती ताण बरोबर? कडी गुंडाळून झाल्यावर अंगठ्याने जोर दिला की किंचित डावी-उजवीकडे सरकली पाहिजे, कारण सगळ्या कड्या एका रेषेत आणायचं काम थर लावण्याआधी शेवटी करावं लागतं. पण रॉड झटकला तर हलता कामा नये. कड्या जराही हलत नसतील तर ताण जास्त आहे. पातळ भिंतीच्या कार्बनला हे सोसत नाही: पायाची कड ब्लँकमध्ये रुतते, आणि पुढे मोठा मासा लागला की रॉड नेमका तिथेच मोडतो. लोक मग रॉडच्या कंपनीला दोष देतात.

दोरा कोणत्या कोनातून येतो तेही इथेच बघा. येणारा दोरा किंचित आधीच्या वेढ्यांच्या बाजूला कललेला हवा. मग नवा वेढा आपणहून जुन्याला खेटून बसतो. फार कलला तर तो जुन्यावर चढतो. सरळ किंवा पुढच्या बाजूला कलला तर फट पडते. बसल्या जागेवरून खोकं दोन बोटं सरकवलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

वेढे घातल्यावर घोटायचे. चमच्याची पाठ किंवा बॉलपेनचं गुळगुळीत टोपण पुरतं. दर दहा-बारा वेढ्यांनी कडेने ढकलून सगळे खेटवा, शेवटी गोल फिरवून घोटा. सगळं झाल्यावर घोटायला बसलात तर बारीक फटी जमा होऊन एका जागी मोठी फट उभी राहते आणि तिला भरायला दोरा नसतो.

सुरुवातीला दोऱ्याचं टोक पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं. शेवटाला बारीक तंगुसाची फासणी शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली ठेवून दोऱ्याचं टोक तिच्यातून ओढून घ्यायचं. फासणी जाड असेल तर ती निघताना वेढे विस्कटतात. ब्लेड नवीनच हवं.

5. कडीचा पाय

पायाच्या टोकाशी फट पडत असेल आणि वरच्या चारही गोष्टी ठीक असतील, तर कानशी काढा. कारखान्यातून येणारी कडी तयार नसते. तिचं टोक बोथट, पायरीसारखं असतं. दोरा पायरीपाशी येतो, एक वेढा खाली राहतो, पुढचा वर चढतो, मध्ये फट. हजार वेळा घोटलं तरी ती भरत नाही, कारण तिथे दोरा टेकायला जागाच नाही.

टोक असं घासायचं की पायरीचा उतार होईल. बारीक कानशीने किंवा लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरने, टोकाकडे निमुळतं करत. वरून उतार, कडा गोल. खालची बाजू नखावर फिरवून बघा. नखाला ओरखडा उठला तर ती कड ब्लँकलाही ओरखडणार, ती काढा. टोक पात्यासारखं धारदार करू नका, रॉड वाकला की तेच टोक दोऱ्याला आणि ब्लँकला आतून कापतं. पाय काठीवर ठेवून उजेडासमोर धरा. टोक आणि ब्लँकच्या मध्ये उजेड दिसत असेल तर पाय वाकडा आहे. पकडीने अगदी थोडा वाकवा, पण कडीच्या आतल्या सिरॅमिकच्या रिंगला पकड लावू नका. तिला तडा गेला की तंगूस दर फेकीत कापला जाईल.

गुंडाळी नेहमी ब्लँकवरून सुरू करून पायावर चढत कडीकडे न्यायची. उतरत्या बाजूने गुंडाळलं की प्रत्येक वेढा उतारावरून घसरतो. पायाच्या टोकाआधी चार-पाच मिलिमीटर मोकळी गुंडाळी असू द्या.

घासल्यावर मुलामा गेलेला असतो. स्टेनलेसचं फारसं बिघडत नाही, पण साध्या क्रोमच्या कड्या पावसाळ्यात दोऱ्याखाली गंजतात आणि फिकट दोऱ्यावर तांबूस डाग उमटतो. घासलेल्या जागेला त्याच दिवशी इपॉक्सीचं बोट लावा, वाळल्यावर गुंडाळा.

6. बांबू असेल तर

फायबर आणि कार्बनवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

इकडचा भरीव बांबू, मानवेल, रॉडसाठी पहिल्या प्रतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या चिरट्या चिकटवून जे रॉड करत, त्यांच्यासाठी कलकत्त्यावरून जाणारा 'कलकत्ता केन' याच जातीचा धरला जातो. चीनचा टोंकिन बांबू त्यानंतर आला. त्या रॉडवर ठरावीक अंतराने रेशमाच्या गुंडाळ्या असायच्या, त्या शोभेपेक्षा चिरट्या धरून ठेवायला.

बांबूवर दोरा सैल पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी ओल असते. ओला बांबू गुंडाळला की तो सुकताना आकसतो आणि दोरा तेवढाच राहतो. हात लावून ओल कळत नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काठी दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे हवेच्या मानाने सुकली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बांबू वर्षातला सगळ्यात कोरडा असतो. गुंडाळायचं तेव्हाच. पावसाळ्यात तो थोडा फुगतो आणि दोरा आणखी घट्ट होतो. जुलैत गुंडाळणाऱ्याचं बरोबर उलटं होतं, पुढच्या उन्हाळ्यात कडी हातात येते. दोन्ही टोकं आणि उघडा भाग वॉर्निशने बंद केला की हा फरक कमी होतो.

पेराच्या गाठीवर गुंडाळी घेऊ नका. तिथे जाडी बदलते आणि वेढे दोन्ही बाजूंना घसरतात. घ्यावीच लागली तर गाठीचा उंचवटाच घासा, बाजूचे धागे कापू नका. बांबूची सगळी ताकद बाहेरच्या त्या कातडीत असते. कातडीवरचा मेणचट थर हलक्या हाताने खरवडा, नाहीतर इपॉक्सी पापुद्र्यासारखी निघते. आणि काठी आपटल्यावर बारीक पिवळं पीठ गळलं तर आत घुण आहे. त्यावर नक्षी काढणं म्हणजे वेळ घालवणं. वाकडी काठी सरळ करायची असेल तर बुरडाकडे न्या. शेकून पेर सरळ करण्यात त्यांचा हात बसलेला असतो.

7. शंकरपाळी सरकते

ही नक्षी म्हणजे दोन दोरे उलटसुलट फिरत जातात आणि रॉडच्या पुढच्या व मागच्या बाजूला एकमेकांना छेदतात. पहिल्या दोन दोऱ्यांचे छेद जिथे पडले, तिथेच पुढचे सगळे पडणार. म्हणून नक्षी सरकलेली दिसली की शेवटचा दोरा बघत बसू नका, पहिला बघा.

कागदाची अरुंद पट्टी रॉडभोवती लपेटा, जिथे मिळते तिथे खूण करा. ही लांबी म्हणजे परीघ. पट्टी मधोमध दुमडली की समोरासमोरच्या दोन बाजू मिळाल्या. त्या दोन्हींवर मूठ ते टोक अशी पेन्सिलची सरळ रेष. आता तीच पट्टी रेषेवर आडवी ठेवून पुढच्या बाजूच्या छेदांचं अंतर घ्या. छेदांतलं अंतर परिघाएवढं ठेवलं तर दोरा 45 अंशात बसतो आणि शंकरपाळी ना चपटी ना लांबोळकी येते. रॉड 12 मिमी जाड असेल तर हे अंतर साधारण 38 मिमी. टोकाकडे 10 मिमी झाला तर 31. मागच्या रेषेवर खुणा मधोमध, म्हणजे निम्म्या अंतराने पुढे.

इथेच लोक चुकतात: पुढची बाजू डोळ्यासमोर असते म्हणून तिथले छेद नीट बसवतात आणि रॉड उलटून बघतच नाहीत. मागचे छेद एका दोऱ्याएवढे जरी बाजूला गेले, तरी प्रत्येक फेरीत ते पुढच्यांना ढकलतात आणि सातव्या-आठव्या दोऱ्याला पुढची टोकंही रेष सोडतात. पहिली जोडी घातली की दोन्ही बाजूंचे सगळे छेद नखाने रेषेवर आणा. पुढे प्रत्येक जोडीनंतर हेच. आधी मधला रंग, मग त्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. एकाच बाजूला दोन घातले तर छेद कलतो. टोकं मास्किंग टेपने धरा. ती शेवटी साध्या आडव्या गुंडाळीखाली जातात, तेव्हा टेप काढायचा. नक्षी अर्धी झाल्यावर सरकलेली दिसली तर सोडून पुन्हा घाला. दुरुस्त होत नाही.

8. इपॉक्सी, सगळ्यात शेवटी

इथवर सगळं ठीक निघालं तरच बाटलीवर संशय घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पाच मिनिटांत आवळणारी दोन नळ्यांची गोंद-इपॉक्सी यासाठी नाही. पसरायला वेळ देत नाही आणि उन्हाने पिवळी पडते.

चिकट राहण्याचं कारण मोजमाप. रॉडच्या बहुतेक इपॉक्सींत दोन्ही बाटल्यांतलं सारखंच घ्यायचं असतं, तरी बाटलीवरचं वाचा. दोन्हींसाठी वेगळी सिरिंज, आणि त्यांची अदलाबदल कधीच नाही. डोळ्याने मापू नका. थोड्या मापात एक थेंबही मोठा फरक करतो. कठीण होण्यासाठी दुसरा भाग (हार्डनर) जास्त घालून काही मिळत नाही. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. फेसाळू नका. मग चांदीच्या कागदावर ओता. पातळ पसरल्यावर बुडबुडे वर येतात आणि मिश्रण गरम होऊन लवकर घट्ट होत नाही. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरण्यापुरता. एकदाच जाड थर दिलात तर खाली लोंबणारच.

आपल्या हवेचं धोरण वेगळं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी मिश्रण हातातच घट्ट होतं, म्हणून पहाटे. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ती मधासारखी जाड होते. बाटल्या झाकण घट्ट लावून कोमट पाण्यात ठेवा. पावसाळ्यात थरावर तेलकट, धुरकट साय येते. ती ओलाव्यामुळे, पूर्ण वाळल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने पुसली तर बहुतेक वेळा निघते. निघाली नाही तर हलका पॉलिश पेपर मारून दुसरा हात.

थर लावल्यावर रॉड पहिले तीन-चार तास फिरता ठेवावा लागतो. मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी मोटर यासाठी पुरते. पण ती 230 व्होल्टची असू शकते, वरचा आकडा वाचा आणि तिला उघड्या वायरी जोडून टेबलावर टाकू नका; गावातल्या वायरमनकडून डबी, प्लग आणि स्विच बसवून घ्या. लाइन गेली तर हाताने दर दोन-तीन मिनिटांनी पाव फेरा द्या. आमच्याकडे ती जाणारच हे धरून मी कामाच्या वेळी घरी दुसरा माणूस असेल हे बघतो.

दोन-तीन दिवसांनीही थराला बोट चिकटत असेल तर त्यावर नीट मोजलेला पातळ थर देऊन बघा. तोही चिकटला तर सगळं काढावं लागेल. काढताना हलकं गरम करा आणि ब्लेड फक्त कडीच्या पायावर, धातूवर चालवा. ब्लँकवर ब्लेड टेकवायचं नाही. कार्बनवरचा एक चर म्हणजे मोडायची जागा ठरलेली.

इथे थांबा

दोऱ्याखाली ब्लँकला बारीक भेग दिसली, फायबरवर पांढरी रेष उमटली, किंवा रॉड वाकवताना 'टिक' असा आवाज आला, तर त्यावर नक्षी काढून झाकू नका. आतून नळीचा जोड द्यावा लागतो, आणि तो जाडी, लांबी जुळवून देणारा माणूस लागतो. दोन तुकड्यांचा रॉड जिथे जोडतो तिथली गुंडाळी सुटली असेल तरीही तसंच. तिथला दोरा शोभेचा नसतो, नळी फाटू नये म्हणून असतो. टोकाची कडी गरम करून काढताना ती निघत नसेल तर पिळू नका. महागडा रॉड हमीच्या मुदतीत असेल तर दोऱ्याला हातही लावू नका, आधी दुकानदाराला विचारा.

हाताला खाज सुटली, बोटांच्या बेचक्यात पुरळ आलं, पापण्या सुजल्या, तर काम बंद आणि त्वचेच्या डॉक्टरकडे. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशानेही उसळते. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला आणि हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने धुऊ नका. थिनर तिला कातडीत आणखी आत नेतो.

नागपूरला किंवा जिल्ह्याच्या गावी कारागिराकडे रॉड पाठवणार असाल तर आपल्या हाताने काही सोलून पाठवू नका. सुटलेली कडी, दोऱ्याचा तुकडा आणि कोणती इपॉक्सी कधी लावली होती याची चिठ्ठी रॉडसोबत बांधा. रॉड पीव्हीसी पाइपात घाला, दोन्ही टोकांना कापूस कोंबा. एसटीच्या टपावर नुसता बांधून पाठवलेला रॉड दुरुस्तीला एक आणि मोडलेल्या जागा दोन घेऊन पोचतो.